वाचकांचे प्रश्न : झोपेची घडी कशी बसवायची?

प्रश्न : चार एकर ऊस आहे. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात रात्रभर उसाला पाण्याची दारं धरून सकाळी सहाला घरी येतो, नऊला उठून दूध आणि वैरण बघतो. चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं चालत नाही. आणि दिवसाची लाईट आली की रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही. काय करावं?
– शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : तुम्ही दिवसाला तीनच तास झोपताय, चौथ्या दिवशी डोकं थांबणारच. यात तुमचा आळस नाही. शरीराचं घड्याळ मुख्यतः डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर चालतं आणि ते दिवसाला साधारण तासभरच सरकतं. म्हणजे ते पुरतं उलटं व्हायच्या आत लाईटचा आठवडा बदलतो. म्हणून त्याला उलटं करायचा नाद सोडा आणि झोपेचे दोन तुकडे करा. सकाळी साडेसहा ते अकरा हा मोठा तुकडा, आणि संध्याकाळी शेतात जायच्या आधी साडेसात ते नऊ हा छोटा. सहा तास होतात. सात लागतात हे खरं, पण तीनापेक्षा हे फार बरं. त्या आठवड्यात सकाळचं दूध डेअरीला घालायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. हे जमलं नाही तर बाकीच्या उपायांचा फारसा उपयोग नाही, म्हणून घरात आधी हेच बोलून घ्या.

शेतातून येताना ऊन डोळ्यांवर घेऊ नका, टोपी पुढे ओढा, नाहीतर काळा चष्मा लावा. खिडकीला जाड चादर किंवा दुहेरी गोणपाट ठोका. दुपारी बारालासुद्धा खोलीत हात दिसायला नको इतका अंधार हवा. चहाचा शेवटचा कप रात्री दोनच्या आत घ्या. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, त्यामुळे पहाटे पाचचा चहा अंथरुणापर्यंत सोबत येतो. पण अगदी उपाशीही झोपू नका, अर्धी भाकरी खाऊन पडा.

रात्रीचा आठवडा संपला त्या सकाळी अकरापर्यंत झोपायचं नाही. नऊला उठा, उन्हात काम करा, दुपारी आडवं होऊ नका आणि रात्री दहाला पडा. एकपर्यंत जागं राहण्याची तक्रार बहुतेक इथेच कमी होईल.

आणखी एक, जिवाचं. पहाटे तीन ते पाच ही पेंगेची सगळ्यात वाईट वेळ. त्या वेळात ओल्या हाताने स्टार्टरच्या पेटीत हात घालू नका. पेंग येत असेल तर मोटरसायकल काढायची नाही, वीस मिनिटं खोपीत पडून मग निघा.

प्रश्न : वय 54, सांगलीत वरच्या मजल्यावर राहते. नऊलाच अंथरुणावर पडते, पण झोप लागायला अकरा वाजतात. तीनला जाग येते, मग घड्याळ बघत साडेसहापर्यंत तळमळ, मधे कधीतरी तासभर डोळा लागतो. दुपारी दीड तास झोपते. उन्हाळ्यात तर विचारू नका. शेजारणीने तिच्या झोपेच्या गोळ्या देऊ केल्यात.

उत्तर : ताई, त्या गोळ्या घेऊ नका. दुसऱ्याच्या गोळीने तोल जाऊन पडायची भीती असते आणि सवयही लागते.

हिशोब मांडूया. नऊ ते साडेसहा म्हणजे साडेनऊ तास अंथरुणात आणि प्रत्यक्ष झोप पाच तास. एक वाटी दही दोन पातेली पाण्यात घातलं तर ताक पातळच होणार, तसं झालंय. शिवाय दुपारची झोप रात्रीचा वाटा खाते. एक आठवडा वहीत कधी पडलात, अंदाजे किती झोपलात ते लिहा. नंतर रोज साडेपाचला उठायचं, रविवारीसुद्धा, रात्र कशीही गेली तरी. अंथरुणावर जायचं साडेअकराला, त्याआधी नाही. दुपारची झोप बंद. अंथरुणातल्या सहा तासांपैकी पाच तासांवर झोप आठवडाभर लागली की पंधरा मिनिटं आधी पडा. असं आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत जा. पाच तासांच्या खाली ही वेळ आणायची नाही. पहिले आठ-दहा दिवस जड जातात. तिथेच बरेच जण सोडतात, म्हणून आधीच सांगतो. अपस्मार किंवा तीव्र मनोविकाराचे उपचार चालू असतील तर हे डॉक्टरांना विचारूनच.

तीनला जाग आली आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठा. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, अंदाज पुरे. बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसून वाटीभर भुईमुगाच्या शेंगा फोडा. मोबाईल नको. डोळे मिटायला लागले की परत जा. अंथरुण म्हणजे तळमळ, ही मनाने धरलेली गाठ अशीच सुटते.

स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत खाली सोडतो. मार्चच्या आधी गच्चीवर चुन्याचे दोन हात द्या. दुपारी खिडक्या आणि पडदे बंद, रात्री आठनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप सोपी होते. अंगातून एकदम वाफा येऊन घाम फुटत असेल तर ते पाळी जाण्याशी जोडलेलं असू शकतं, स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

प्रश्न : नवरा जोरात घोरतो, मधेच श्वास थांबल्यासारखा होतो, मग दचकून श्वास घेतो. दिवसा बसल्या जागी डुलक्या.
– तासगाव

उत्तर : यावर सवयींचे उपाय पुरे पडणार नाहीत, तपासणी हवी. झोपेत श्वासमार्ग पुन्हा पुन्हा बंद होत असावा. सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, रक्तदाब वाढणं हेही त्यात येतं. कान-नाक-घसा किंवा छातीविकारतज्ज्ञ एका रात्रीची झोपेची तपासणी सांगतील. तोवर कुशीवर झोपवा, रात्रीची दारू बंद, आणि गाडी दुसऱ्याने चालवावी. श्वास अडकतो तेवढं दोन मिनिटांचं चित्रण मोबाईलवर करून जाताना सोबत न्या. ते स्वतः ‘मी घोरत नाही’ असंच सांगतील.