टिक करण्याआधी बघ

पोरी,

तुझं पत्र मिळालं. पण पत्राआधी मी सोबतचे फॉर्म वाचले. एम-चॅट-आरचे, म्हणजे लहान मुलांत ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका आहे का ते पालकांना विचारून बघायच्या यादीचे, वीस प्रश्न. जिथे 'हो' हवं तिथे 'हो', जिथे 'नाही' हवं तिथे 'नाही', आणि खाली शंकेच्या गुणांची बेरीज शून्य, एक, शून्य, शून्य. घाटंजीकडच्या त्या गावांमधून एकही लेकरू पुढच्या तपासणीला निघालं नाही. आता तुझ्या गाइड म्हणतात, खेडं सोड, नागपुरात ओपीडीत बस, निदान झालेली मुलं आयती मिळतील, प्रबंध वेळेत होईल. आणि तू विचारतेस, "सर, जाऊ का?"

जाऊ नकोस. आणि टिक करण्याआधी बघ. मला सांगायचंय ते एवढंच. कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे.

तुझा सहावा आणि सातवा प्रश्न घे. मूल काही हवं असेल तर बोटाने दाखवतं का, आणि नुसतं तुम्हाला दाखवायचं म्हणून बोट करतं का. तुझ्याच भागातल्या एका घरी मी हे विचारलं होतं. पोरगा दोन वर्षांचा. आई म्हणाली, "दाखवते नं साहेब, सारं दाखवते." मी पेन खिशात ठेवलं आणि ओट्यावर बसून राहिलो. थोड्या वेळाने पोरगा आला, त्याने आईचं मनगट धरलं, तिला ओढत आत नेलं आणि तिचा हात बिस्किटाच्या डब्यावर ठेवला. या सगळ्यात एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती खुशीत म्हणाली, "पाहा, दाखवलं नं?" ती खोटं बोलत नव्हती. तिला त्याचं मन कळत होतं, आणि तिच्या लेखी ते दाखवणंच होतं. पण त्यात बोट नव्हतं आणि नजरही नव्हती. फॉर्मवर मात्र दोन्ही ठिकाणी 'हो' आलं असतं.

त्याच गावच्या अंगणवाडीत दीड वर्षाची एक पोरगी आजीच्या मांडीवर बसलेली. समोरच्या कवेलूवर वानर उतरलं. तिने बोट केलं, आजीच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा वानराकडे, पुन्हा आजीकडे. तिला वानर नको होतं, काहीच नको होतं. मी बघतेय ते तूही बघ, एवढंच होतं. आपल्या सगळ्या संशोधनाचा गाभा या दोन सेकंदांच्या नजरेत आहे, आणि तू तो एका खुणेत संपवतेस, याचा मला त्रास होतो.

नावाच्या हाकेला वळतं का, या प्रश्नाचंही तेच. फॉर्मवर शौर्य लिहिलंय. घरात तो बाबू, आजोळी दाद्या. शौर्य हे नाव लसीच्या कार्डावर आणि आधारवर. तू दारातून "शौर्य" म्हणालीस आणि त्याने वळून पाहिलं नाही, तर त्यातून काही कळत नाही. आईने ताट वाजवत "बाबू" म्हटलं आणि त्याने पाहिलं, तर त्यातूनही काही कळत नाही, कारण तो ताटाकडे वळला. मूल खेळात असताना आईला मागून, हात न लावता, खाऊ न दाखवता, घरातल्या नावाने हाक मारायला सांग. मग बघ. मग पुन्हा एकदा. आणि हाकेला वळत नसेल तर आधी कान तपासून घे. जिल्ह्याला पाठवून नीट कानाची तपासणी झाल्याशिवाय त्या मुलाबद्दल पुढचा शब्द काढायचा नाही. मेळघाटात काम करायची वेळ आली तर आणखी एक ध्यानात ठेव: तीव्र कुपोषित मूल मलूल असतं, हसत नाही, चेहऱ्याकडे बघत नाही. आधी त्याच्या पोटात अन्न जाऊ दे, वजन वाढू दे, मग पुन्हा बघ.

तू म्हणशील, हे सगळं निरीक्षण म्हणजे जुन्या माणसाचा हट्ट. नाही. या विषयातलं चांगलं काम बघूनच झालं आहे. 1994 साली ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी काय केलं? पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या अकरा आणि इतर अकरा मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती बघितल्या. माणसांच्या चेहऱ्याकडे बघणं, वस्तू दाखवणं, बोट करणं, नावाला वळणं, या चार गोष्टींत फरक दिसला. बावीस मुलं फक्त! 2013 साली वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी बाळांच्या नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने दाखवलं की पुढे निदान झालेल्या बाळांचं समोरच्याच्या डोळ्यांकडे बघणं दुसऱ्या महिन्यात ठीक होतं आणि सहाव्या महिन्यापर्यंत उतरत गेलं. (हे वाचून तीन महिन्यांच्या बाळाच्या आईला काही सांगायला जाऊ नकोस. ते संशोधन आहे, ओसरीवरची तपासणी नाही.)

आणि तुझ्या हातातली यादीसुद्धा हेच सांगते. बेरीज तीन ते सात आली की पालकांशी दुसरी मुलाखत घ्यायची असते, प्रत्येक प्रश्नाला उदाहरण मागायचं असतं. डायना रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी 2014 साली सोळा हजारांवर मुलांत हे तपासलं. दोन्ही पायऱ्यांनंतरही ज्यांच्याबद्दल शंका उरली त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ऑटिझम निघाला, आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांना विकासाची दुसरी काहीतरी अडचण होती. आपल्याकडे आई पहिल्याच फेरीत 'हो' म्हणते, म्हणून दुसरी फेरी येतच नाही. तेव्हा तू उदाहरण पहिल्याच फेरीत माग. "बोट करते का?" असं विचारू नकोस. "काल काय दाखवलं?" असं विचार. आणि शक्य तिथे विचारूच नकोस, बस आणि बघ.

पण कधी बसायचं, हेही तुला सांगावं लागतं म्हणजे कमाल आहे. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत तू दुपारी बाराला घरी जातेस. आई वावरात. तुझ्या फॉर्मांवरची कितीतरी उत्तरं आजीची आहेत, अक्षरावरून नाही पण मजकुरावरून कळतं. "याचा बाप बी तीन वर्साचा होईस्तोवर बोलला नव्हता" असं आजीच म्हणते. एका बाईची मजुरी बुडवून फॉर्म भरून घेणं मला कधी पटलं नाही. दिवेलागणीला जा, ती चुलीपाशी असताना जा, मूल तेव्हा तिच्या अवतीभवती असतं.

दुसरी जागा लसीकरणाची. आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात जाते. नंतर तिचं ठरलेलं जाणं थांबतं. आणि काही मुलांचे आलेले शब्द जातात, नजर हरवते, ते याच्या पुढेच, दीड-दोन वर्षांच्या आसपास. त्या काळात मूल हमखास भेटतं ते सोळा ते चोवीस महिन्यांतल्या बूस्टरला आणि गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसला. तिथे कोपऱ्यात चटई टाकून बस, चेंडू आणि वाटी-चमचा ठेव. एखादी आई विचारेल, सुईनंतरच बोलणं गेलं का? तिला ठामपणे 'नाही' सांग. तसं म्हणणारा 1998 चा लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच 2010 साली मागे घेतला. आणि मोबाइल दिला म्हणून असं झालं, असं तिच्या तोंडावर कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबव. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो असं सांगून एका पिढीने आयांना रडवलंय. आपल्या गावात ते नव्याने सुरू व्हायला नको.

तू लिहितेस, एकटीने इतकं बघणं जमणार नाही. एकटीने कशाला? गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या आरोग्यदूत बायांनी नवजात बाळांचे श्वास मोजले, वजनं घेतली, जंतुसंसर्ग ओळखला, आणि 1999 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याच विदर्भातल्या, फार न शिकलेल्या बाया. अंगणवाडी सेविकेला वानराकडे बोट करणारी पोरगी आणि मनगट ओढणारा पोरगा यांतला फरक तू एका दुपारी दाखवू शकतेस. ती रोज बघतेच, तिला कुणी विचारत नाही.

माझ्या वह्यांबद्दल तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. हो, मी अशीच निरीक्षणं लिहीत राहिलो. एका समितीने त्यांना 'किस्से' म्हटलं, संख्या पुरेशी नाही म्हणून प्रस्ताव परत केला. माझ्या बरोबरीचे पुढे गेले, मी त्याच गावांमध्ये फिरत राहिलो. खंत आहे. त्या वह्या वेळेवर कुणी वाचल्या असत्या तर काही पोरं पाचव्या वर्षाऐवजी दुसऱ्या वर्षी सापडली असती. पण पद्धत चुकली असं मी आजही म्हणणार नाही. तीनशे न बघितलेल्या मुलांपेक्षा तीस बघितलेली मुलं मला जास्त सांगतात, आणि ज्याला हे पटत नाही त्याच्याशी मी आजही भांडेन.

आणि बघितल्यावर काय, हा तुझा प्रश्न खरा आहे. संशय आला की ओसरीवर 'ऑटिझम' हा शब्द उच्चारायचा नाही, निदान तुझं काम नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांच्याकरवी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घे आणि आईसोबत तू स्वतः एसटीत बस. पण तोवर तिला रिकाम्या हाताने सोडू नकोस. गोवा आणि रावळपिंडीत तज्ज्ञ नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाच्या खेळात कसं शिरायचं ते शिकवलं, आणि आई-मुलाच्या एकमेकांशी जुळण्यात फरक पडला, हे 2016 साली छापलं गेलंय. तो लेख मी पाठवतो. मूल जे बघतं तिकडे आपण आधी बघायचं, त्याच्यासमोर बसायचं, त्याने केलेला आवाज त्याला परत द्यायचा आणि थांबायचं. हे वावरातसुद्धा करता येतं.

नागपूरचं म्हणशील तर ओपीडीत पोचलेली मुलं ही गाडीभाडं परवडलेल्यांची मुलं असतात. तुझा विषय त्यांच्या आधीचा आहे, लक्षण दिसलं तेव्हाचा. गाइडना हे लिहून दे. हवं तर माझं नाव घाल, मी फोनवर बोलेन त्यांच्याशी.

तोवर जुने फॉर्म बाजूला ठेव. त्याच गावांतली सोळा महिन्यांपुढची दहा मुलं निवड, प्रत्येकाच्या घरी संध्याकाळी जा आणि बघितलेलं जसंच्या तसं मला लिहून पाठव. मुलाने काय केलं, कुणाकडे बघितलं, आई काय म्हणाली. गुण देऊ नकोस, ते आपण बसून देऊ. येताना सेविकाताईंनाही घेऊन ये, जेवायलाच या.

तुझा,
सर