रिव्ह्यूवर विश्वास ठेवण्याआधी

प्रश्न : पुराव्यांच्या उतरंडीत सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून घेतलेला आढावा) सर्वांत वर, असं शिकवतात. मग त्याचा निष्कर्ष थेट स्वीकारायला हरकत काय?

हरकत आहे. रिव्ह्यूची भिस्त त्यात घेतलेल्या चाचण्यांवर, आणि ज्या चाचण्या छापूनच आल्या नाहीत त्या बहुधा त्याच्या हाती लागत नाहीत. हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून मॅग्नेशियम दिल्यास मृत्यू कमी होतात, असं छोट्या चाचण्यांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमधून, म्हणजे त्यांचे आकडे एकत्र करून केलेल्या विश्लेषणातून, दिसत होतं. १९९५ साली आयसिस-४ चाचणीचे निकाल आले. त्यात ५८,००० हून अधिक रुग्ण होते आणि मॅग्नेशियमचा फायदा दिसलाच नाही.

नैराश्यावरच्या औषधांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंद असलेल्या ७४ चाचण्या २००८ मध्ये तपासल्या गेल्या. नियामकाच्या मते ३८ चाचण्यांत औषध सरस ठरलं होतं. त्यांतल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ अशा छापल्या की औषध उपयोगी वाटावं, आणि फक्त ३ जशा होत्या तशा आल्या. नियतकालिकांपुरता शोध घेणाऱ्याला हे चित्र दिसणार कसं? म्हणून लेखकांनी चाचण्यांच्या नोंदवह्या आणि नियामकांची कागदपत्रं पाहिली का, हे मी आधी शोधतो.

प्रश्न : आमच्या रिव्ह्यूत प्रिझ्माची (रिव्ह्यूच्या लेखात काय काय सांगावं याची) यादी पूर्ण भरली आहे. तरी परीक्षक दर्जा कमी म्हणतात.

परीक्षकांचं बरोबर असू शकतं. प्रिझ्माचे २७ मुद्दे काय केलं ते नीट सांगण्यासाठी आहेत. केलेलं योग्य होतं का, ते त्यावरून ठरत नाही. त्यासाठी अ‍ॅमस्टार-२ ही रिव्ह्यूचा दर्जा तपासणारी प्रश्नावली वापरा. त्यातल्या १६ प्रश्नांपैकी ७ कळीचे आहेत, आणि त्यांत एकाहून जास्त ठिकाणी घसरलात तर विश्वासार्हता ‘अत्यंत कमी’ ठरते. वगळलेल्या अभ्यासांची कारणांसह यादी हा त्यातलाच एक प्रश्न. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच ते राहून जातं.

प्रश्न : कोविडकाळात आयव्हरमेक्टिन या औषधाचे रिव्ह्यू एकदम उलटे कसे झाले?

मृत्यू घटल्याचं दाखवणाऱ्या एका मोठ्या चाचणीचा प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच जाहीर केलेला लेख) २०२१ च्या जुलैत मागे घेतला गेला; त्यातल्या माहितीच्या खरेपणाबद्दल गंभीर शंका होत्या. ती वगळल्यावर मेटा-अ‍ॅनालिसिसमधला मृत्यूंबाबतचा फायदा बराचसा ओसरला. पूर्वग्रहाचा (निकाल एका बाजूला झुकण्याचा) धोका मोजणारी नेहमीची साधनं चाचणी खरोखर झाली हे गृहीतच धरतात. शंका असेल तिथे प्रत्येक रुग्णाची मूळ माहिती मागावी. ती मिळत नसेल, तर ती चाचणी मुख्य विश्लेषणात घेऊ नये, असं माझं मत.

प्रश्न : वेळ दहा मिनिटांचा. काय वाचू?

सारांश नको. प्रोस्पेरो या रिव्ह्यूंच्या नोंदवहीतली त्याची नोंद उघडा आणि तिथे ठरवलेला मुख्य परिणाम (उपचाराचा उपयोग ज्यावरून जोखायचा ती गोष्ट, जसं मृत्यू) लेखातल्या मुख्य परिणामाशी जुळवून पाहा. मग शोध कोणत्या तारखेपर्यंतचा आहे ते बघा. मुख्य परिणाम मध्येच बदलला असेल आणि कारण दिलं नसेल, तर पुढची पानं वाचायची गरज नाही.