डोक्यातल्या एव्हीएममध्ये कॅथेटरने ग्लू टाकतात, त्यात काय बिघडू शकतं?

तुम्ही लिहिलंय की ताईच्या डोक्यात एव्हीएम निघालं, म्हणजे धमन्या आणि शिरा थेट एकमेकींना जोडल्या जाऊन झालेली रक्तवाहिन्यांची गाठ, आणि डॉक्टर जांघेतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून ते बंद करू म्हणून राहिले. मी डॉक्टर नाही, पण माझ्या धाकट्या भावाचं इथेच नागपुरात हेच झालं, त्यामुळे जे पाहिलं ते सांगतो.

खरी भीती दोनच गोष्टींची. एक म्हणजे ग्लू चुकून चांगल्या धमनीत गेला तर तेवढ्या भागाला स्ट्रोक येतो. दुसरी मला जास्त भयानक वाटते, गाठीतून रक्त बाहेर नेणारी शीर आधीच बुजली आणि आत येणारं रक्त चालूच राहिलं तर गाठ फुटते, मोटर चालू ठेवून पाइपचं तोंड दाबल्यावर होतं तसं. आणि सगळं नीट झालं तरी आजूबाजूच्या मेंदूला अचानक वाढलेला रक्तपुरवठा झेपत नाही कधीकधी, म्हणून पहिले एक-दोन दिवस आयसीयूत बीपी अगदी धरून ठेवतात, तेव्हा लवकर वॉर्डात द्या म्हणून मागे लागू नका.

भावाचा उजवा हात ढिला पडला होता. शर्टाचं बटण लावायला बसायचा आणि बोटं नुसती काजावरून घसरायची, आई बाजूला बसून पाहायची पण हात लावायची नाही. दोन महिने फिजिओथेरपी केली, आता लिहितो, गाडी चालवतो.

जांघेचं कोणी नीट सांगत नाही. पाय सरळ ठेव सांगितलं होतं, यानं रात्री झोपेत गुडघा वाकवला आणि लिंबाएवढी गाठ आली, सिस्टरनी वीस मिनिटं नुसतं दाबून धरलं, पुढे मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी. म्हणून रात्री कोणीतरी जागं राहा. तोंडाला लसणासारखा वास आला तर घाबरू नका, ओनिक्स नावाचं ग्लूसारखं द्रव्य वापरलं की त्यातल्या द्रावणामुळे एक-दोन दिवस येतो. रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्या म्हणून टाकलेली डाय किडनीवर जाते, तेव्हा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी तपासा, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत ताईला ॲडमिट करणार असाल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारून घ्या.

एका सिटिंगमध्ये बरेचदा पूर्ण बंद होत नाही, भावाला नंतर रेडिएशन द्यावं लागलं आणि त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून पुढचा प्लॅन काय हे आत्ताच विचारा.

आणि सगळ्यात आधी, ताईचं फुटलंय की नुसतं एमआरआयमध्ये दिसलं? कारण २०१४ मध्ये अरुबा नावाचा अभ्यास छापून आला, फक्त न फुटलेल्या एव्हीएमचा, सरासरी ३३ महिन्यांत मृत्यू किंवा स्ट्रोक उपचार केलेल्यांत सुमारे ३१ टक्के आणि नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत १० टक्के. त्यावर डॉक्टरांमध्ये वाद आहेत, मुख्य म्हणजे काळ फार कमी पाहिला म्हणून, आणि ताई तरुण असेल तर हा मुद्दा खरंच मोठा आहे. पण फुटलेलं असेल तर हा आकडा तुमच्या कामाचा नाही, पुन्हा फुटायची भीती जास्त असते. रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते इथे टाका, भावाच्या वेळी डॉक्टरांना विचारलेले प्रश्न माझ्या वहीत आहेत, त्यातले ताईला लागू पडतील ते देतो.