वाचकांचे प्रश्न : होडीच्या ट्रेलरचे हब आणि ब्रेक

प्रश्न : माझ्या होडीच्या ट्रेलरला एकच अ‍ॅक्सल असून हायड्रॉलिक ड्रम ब्रेक आहेत. ट्रेलर बहुतेक वेळा खाऱ्या पाण्यात उतरवावा लागतो. आता एका चाकातून घरघर येऊ लागली आहे आणि हबचे (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाचे) झाकण काढल्यावर आतले ग्रीस दुधासारखे पांढरट दिसले. जुने ग्रीस पुसून नवे भरले तर चालेल का? ब्रेकचे कामही घरी करता येईल का?

उत्तर : नुसते नवे ग्रीस भरून चालणार नाही. ग्रीस पांढरट झाले याचा अर्थ हबमध्ये पाणी शिरले आहे, आणि घरघर येते त्याअर्थी बेअरिंगच्या रोलरवर किंवा कड्यांवर बहुधा गंज धरला आहे. अशा चाकावर ट्रेलर रस्त्यावर नेऊ नये. लांबवर धावून आलेला हब गरम असतो. तो तसाच पाण्यात बुडवला की आतली तापलेली हवा एकदम आकुंचन पावते, आतला दाब उतरतो आणि मागच्या ऑइल सीलच्या (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या कड्याच्या) कडेने पाणी आत ओढले जाते. म्हणून होडी सोडण्याआधी हब हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. बिनखर्चाचा हा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कामासाठी ट्रेलर सपाट, टणक जमिनीवर गाडीला जोडलेलाच ठेवावा, दुसऱ्या चाकाला पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि वजन नेहमी स्टँडवर घ्यावे; नुसत्या जॅकच्या भरवशावर हब उघडणे जिवावर बेतू शकते. बेअरिंग आणि हबमध्ये ठोकून बसवलेली त्याची बाहेरची कडी हे एकमेकांवर घासून जुळलेले भाग असतात, त्यामुळे रोलरवर डाग किंवा खड्डे दिसल्यास दोन्ही भाग जोडीनेच बदलावेत. ऑइल सील प्रत्येक वेळी नवे घालावे, आणि स्पिंडलवर, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या दांड्यावर, ते जिथे टेकते त्या जागी गंजाची खाच पडली असेल तर नवे सीलही पाणी अडवणार नाही, हे लक्षात असू द्यावे. जुने ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन, भाग कोरडे करून, पाण्याला टिकणारे ग्रीस रोलरच्या फटींतून दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत तळहाताने दाबून भरावे. वेगवेगळ्या जातींची ग्रीस मिसळू नयेत. काही एकत्र आली की पातळ होऊन वाहू लागतात.

स्पिंडलच्या टोकाचा नट घट्ट करणे हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. हब फिरवत राहून नट पान्याने घट्ट करावा, म्हणजे बेअरिंग नीट बसते. मग तो पूर्ण सैल करून फक्त बोटांनी आवळावा आणि पिनेचे भोक जुळेपर्यंत किंचित मागे घ्यावा. पिन नेहमी नवीच वापरावी. अति आवळलेले बेअरिंग तापून जळते, म्हणून ताकद दाखवण्याचा मोह येथे आवरावा. सील फाटून ग्रीस ब्रेकच्या लायनरवर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांवर) गेले असेल, तर ते लायनर धुऊन वापरता येत नाहीत; दोन्ही चाकांचे लायनर एकत्र बदलावेत, नाहीतर ट्रेलर एका बाजूला ओढतो. ड्रममधली धूळ हवेने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्याने उकळबिंदू खाली येतो आणि आतले भाग गंजतात; दोन वर्षांनी ते बदलावे. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. खाऱ्या पाण्यातून वर आल्यावर ड्रमच्या आतून गोडे पाणी सोडणे मात्र त्याच दिवशी करावे.

प्रश्न : माझ्या ट्रेलरला डिस्क ब्रेक असून ते गाडीच्या ढकलीने लागतात. ट्रेलर चढावर मागे नेताना ब्रेक लागून तो अडतो. हा बिघाड आहे का?

उत्तर : या रचनेत ट्रेलर पुढे रेटला जाऊन गाडीशी असलेली जोडणी दाबली गेली की ब्रेक लागतात; गाडी मागे घेतली तरी तीच जोडणी दाबली जाते आणि ब्रेक लागतात. म्हणून अशा ट्रेलरवर मागच्या (रिव्हर्स) गियरच्या दिव्याशी जोडलेली विजेची झडप असते, जी ऑइलचा मार्ग बंद करते. चावी चालू करून मागचा गियर टाकावा आणि सोबत्याला झडपेजवळ कान द्यायला सांगावे. टिक असा आवाज आला नाही, तर आधी गाडी व ट्रेलर जोडणाऱ्या प्लगमधली त्या दिव्याची तार व तिच्यावरचा गंज तपासावा.