क्लॅरोनेट लाकडी घ्यायची, पण कुठली?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. तीन वर्षं शाळेच्या बँडमध्ये प्लॅस्टिकची क्लॅरोनेट वाजवली. आता तिचे सर म्हणतात, लाकडी घ्या. नवी यामाहा ४५० घ्यावी, की ओळखीच्या बँडवाल्याकडची जुनी लाकडी? ती निम्म्या पैशांत मिळते आहे.
– एक आई, वाई (जि. सातारा)

उत्तर : ताई, जुनीच्या चाव्या आधी मोजा. १७ चाव्या नि भोकांभोवती ६ कड्या असतील तर ती बोहेम, म्हणजे चाव्यांची आजची नेहमीची मांडणी; मुलीची बोटं जिथं आहेत तिथंच राहतील. चाव्या १३ भरल्या तर बहुधा अल्बर्ट, म्हणजे जुनी मांडणी. सांगलीत लग्नाच्या बँडमध्ये मी पंधरा वर्षं अल्बर्टच वाजवली, उघड्या भोकांवरून मींड काय सुरेख निघते! पण तुमच्या लेकीला बोटं नव्यानं बसवावी लागतील. शिवाय जुन्या बँडची वाद्यं पुष्कळदा चढ्या पट्टीची असतात. सोबत पेटी न्या. क्लॅरोनेटचा 'सी' पेटीच्या काळी पाचशी मिळाला पाहिजे. बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) ओढून सूर थोडा उतरतो, पण मग सगळे सूर सारखे उतरत नाहीत, आणखीच बेसूर होतं. अशी फुकट दिली तरी घेऊ नका.

नवीत ४५० चांगली, बफे कंपनीची ई ११ही त्याच तोलाची. दोन्ही ग्रेनाडिलाच्या; आफ्रिकेतलं हे काळं लाकूड पाण्यात टाकलं तर बुडतं. दुकानात वरचा तुकडा सुटा मागा. सगळी भोकं बोटांनी झाका, खालचं तोंड तळव्यानं दाबा आणि वरून हवा ओढा. ओढ क्षणभर टिकली पाहिजे. लगेच सुटली तर चाव्यांखालचे, भोकं झाकणारे पॅड गळतायत, दुसरी काढायला सांगा. सांधे जोडून हलवून बघा, डुलता कामा नयेत. पैसे उरले तर माउथपीस चांगला घ्या. माझ्या कानाला लाकडापेक्षा त्याचा फरक आधी कळतो.

आता माझी फजिती. पहिली लाकडी घेतली त्याच डिसेंबरात महाबळेश्वरला लग्न होतं. पहाटे गाडीतून उतरलो आणि गारठ्यात तशीच फुंकली. आतून गरम ओला श्वास, बाहेरून थंडी. आतलं लाकूड फुगलं, बाहेरचं नाही. वरच्या तुकड्यातल्या ट्रिलच्या (दोन सूर भरभर आलटूनपालटून वाजवायच्या) चाव्यांपाशी उभी भेग गेली. मिरजेत एका सतारमेकरानं ती निगुतीनं सांधून दिली. चाव्या मात्र मीच उतरवल्या होत्या, बसवताना स्प्रिंग मोडली.

म्हणून पहिले काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटंच वाजवू द्या. आधी हातात धरून ऊब द्यायची, नंतर आतून कापड फिरवून कोरडी करायची. आणि प्लॅस्टिकची विकू नका. तुमच्या वाईच्या थंडीत नि गणपतीच्या पावसातल्या मिरवणुकीत तीच बाहेर काढायची.