डब्यातलं काय घ्यायचं असतं?

प्रश्न: मुलांना घेऊन पार्कातल्या झाडीच्या वाटेवर लेटरबॉक्सिंग (क्लू वाचून लपवलेला डबा शोधायचा खेळ) करायचंय. हे जिओकॅशिंगच ना? जीपीएस लागतं का, आणि डबा सापडला की त्यातलं काही घ्यायचं असतं का?

उत्तर: नाही हो ताई, जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसने लपवलेले डबे शोधणं, आलं 2000 साली, लेटरबॉक्सिंग त्याच्या कितीतरी आधीचं. 1854 मध्ये इंग्लंडातल्या डार्टमूर या माळरानावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल नावाच्या दलदलीच्या खळग्यापाशी एक बाटली ठेवली, येणाऱ्यांनी आपलं कार्ड त्यात टाकायचं, तिथून हे सुरू झालं. जीपीएस नको, क्लू वाचायचा, पावलं मोजायची, फार तर होकायंत्र. (पावलं मोठ्या माणसाची धरा, पोरांच्या पावलांनी मोजलंत तर भलत्याच झाडाखाली शोधत बसाल!)

आणि डब्यातलं काहीच घ्यायचं नाही. आत एक रबरी शिक्का आणि वही असते, तो शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला घरून नेलेला शिक्का डब्यातल्या वहीत, खाली तारीख. इंकपॅड घरून न्याच, आतलं बऱ्याचदा वाळलेलं असतं नाहीतर नसतंच. शिक्का पुसून ठेवा, झिपची पिशवी नीट दाबून बंद करा, कारण ओल शिरली की वहीचा पार लगदा होतो आणि मग पुढच्याचा विरस. डबा होता तिथेच ठेवायचा, कोणी बघत नसताना. ढोलीत हात घालण्याआधी काठीने चाचपा, खणाखणी अजिबात नको. स्वतःचा डबा लपवायचा असेल तर आधी पार्कवाल्यांची परवानगी घ्या.