वरचा मजला, तापलेला स्लॅब आणि ग्लासवूल

ताई, तुम्ही लिहिलंत: ठाण्यात पाचपाखाडीत सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट, रात्री अकरालाही बेडरूम गार होत नाही, आणि ठेकेदार म्हणतो जिप्समचं फॉल्स सीलिंग करून वर ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी) भरू. इतक्यात होकार देऊ नका. आधी गच्ची बघा.

आरसीसीचा (सळया घातलेल्या काँक्रीटचा) स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता अंधार पडल्यावर खाली सोडत बसतो. रात्री नऊला स्टुलावर चढून तळहात आधी छताला लावा, मग आतल्या भिंतीला. फरक लगेच कळेल. ग्लासवूल ही उष्णता खोलीत येताना अडवते, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. वरून, म्हणजे गच्चीवर, इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) केलं तर मुळात तोच कमी तापतो, आणि रोजचं प्रसरण-आकुंचन घटल्याने भेगाही कमी पडतात.

वरचं काम असं: वॉटरप्रूफिंग दुरुस्त करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं. खाली ओल उतरली नाही तरच पुढे. मग ५० मिमीचे एक्सपीएस बोर्ड (टणक फोमचे, उष्णता अडवणारे) फट न ठेवता, त्यावर जिओटेक्स्टाइल (संरक्षक कापड), उताराचं स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) आणि पांढरा चायना मोझेक (फरशीच्या तुकड्यांचा थर). यू-व्हॅल्यू म्हणजे छतातून किती उष्णता आत येते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं. उघड्या १५० मिमी स्लॅबची ती ३ च्या वर असते, ती अशाने ०.६ च्या आसपास येते. घरांसाठीच्या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत नियमावलीत, 'इको निवास संहिता २०१८' मध्ये, छतासाठी मर्यादा १.२ आहे. 'एकदम भारी मटेरियल' म्हणणाऱ्याला हा आकडा विचारा, बहुतेक जण विषय बदलतात!

मात्र ५० मिमी स्क्रीड म्हणजे चौरस मीटरला १०० किलोच्या वर वजन. बिल्डिंग जुनी असेल आणि गच्चीवर आधीच विटांचा कोबा (वॉटरप्रूफिंगसाठी घातलेला विटांच्या तुकड्यांचा जड थर) असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका. गच्ची सोसायटीची, त्यामुळे कमिटीची लेखी परवानगीही हवी. तेवढं बजेट नसेल तर पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट (ऊन परतवणारा रंग) मारून घ्या. घोडबंदरच्या धुळीने तो काळवंडतो, म्हणून उन्हाळ्याआधी धुवायचा. वर आधीच पत्र्याची शेड असेल तर तिच्या बाजू उघड्या ठेवा, कोंडलेली गरम हवा निघून जाऊ दे.

कमिटी अडून बसली तरच आतून. ४८ घनतेची (घनमीटरला ४८ किलो), ५० मिमी ग्लासवूल किंवा रॉकवूल (दगडी तंतूंची तशीच गादी) चालेल, पण गळती आधी थांबवा. भिजलेली वूल जड होऊन खाली लोंबते, तिच्यातली हवा गेली की उपयोगही गेला, आणि सीलिंगवर पिवळा डाग दिसेपर्यंत कळतसुद्धा नाही. एलईडी लाइटचे ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारे छोटे डबे) वूलखाली गाडू देऊ नका, ते तापतात. स्वस्त म्हणून थर्माकोल नकोच, आग लागली तर धूर जीवघेणा. फॉइलची बबल शीट विकणारेही भेटतील; चकचकीत बाजूसमोर इंचभर मोकळी हवा नसेल तर फॉइलचा फायदा मिळत नाही, आणि हे लोक ती थेट स्लॅबला चिकटवून जातात.

गच्चीचं काम मार्च-एप्रिलमध्येच उरका. मे अखेरीस सुरू केलंत तर पहिल्या सरीत बोर्ड उघडेच राहतील.